चौरस मिलिमीटरचा हिशेब

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत आठवणींना तोटा नसणार. बाई, सर, सहली, स्नेहसंमेलनं यांवर लिहिणारे माझ्याहून चांगले हात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत आहेत. माझं रोजचं काम अकरावी-बारावीच्या मुलांना सीईटी, जेईई आणि नीटसाठी भौतिकशास्त्र शिकवण्याचं. तेव्हा माझ्या वाट्याची दोन पानं मी आत्ता शाळेत असलेल्यांसाठी खर्च करतो. विषय पहिल्याच प्रकरणाचा, म्हणून सगळ्यांनी ओलांडून पुढे गेलेला: एककं.

विषय शाळेच्या वयाला शोभणाराही आहे. इथल्या पहिल्या तुकड्यांनी शेर-मण आणि रुपये-आणे-पै यांची कोष्टकं घोकली. ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे सरकारी माप. बाजारातला शेर गावागणिक वेगळा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने दुकानांत आली. भौतिकशास्त्राची पुस्तकं फूट-पाउंडावरून सीजीएसवर (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) आणि तिथून एसआयवर (मीटर-किलोग्रॅम-सेकंद) सरकली. पण जुनं सगळं गेलं नाही. आजच्या प्रवेशपरीक्षेच्या पेपरातही बलाचा डाइन, ऊर्जेचा अर्ग, चुंबकीय क्षेत्राचा गॉस, उष्णतेची कॅलरी, तरंगलांबीचा अँगस्ट्रॉम आणि दाबासाठी पाऱ्याचे सेंटिमीटर भेटतात. दहावीत बर्फाचा वितळणाचा अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रति ग्रॅम म्हणून पाठ होतो आणि पुढे तोच सुमारे ३.३ लाख ज्यूल प्रति किलोग्रॅम होऊन समोर येतो. कॅलरीचे ज्यूल केले पण ग्रॅमचा किलोग्रॅम करायचा राहिला, की उत्तर थेट हजारपटीने चुकतं.

माझं म्हणणं एकच आहे. एकक उत्तर आल्यावर चिकटवायचं नसतं. ते पहिल्या ओळीपासून आकड्याबरोबर लिहायचं आणि बीजगणितातल्या अक्षरासारखंच गुणायचं, भागायचं, छाटायचं. मुलं नेमका हाच वेळ वाचवतात.

एक उदाहरण सावकाश बघू. २ मीटर लांब, १ चौरस मिमी काटछेदाची पोलादी तार छताला टांगली आहे आणि खाली १० किलोग्रॅमचं वजन आहे. यंगचा गुणांक (पदार्थ ताणायला किती कठीण ते सांगणारा आकडा) २ × १०¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर, गुरुत्व त्वरण १० घ्या. तार किती वाढेल? वाढ म्हणजे बल गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ गुणिले गुणांक. बल १०० न्यूटन, म्हणून अंश २०० न्यूटन-मीटर. क्षेत्रफळ १०⁻⁶ चौरस मीटर, म्हणून छेद २ × १०⁵ न्यूटन. न्यूटन छाटले जातात, मीटर उरतो, उत्तर १०⁻³ मीटर, म्हणजे १ मिमी.

आता पर्याय बघा: १ मिमी, ०.१ मिमी, ०.०१ मिमी, ०.००१ मिमी. ज्याने १० किलोग्रॅम हेच बल समजून गुरुत्व त्वरणाने गुणलं नाही, त्याला ०.१ मिमी मिळतं. ज्याने चौरस मिमीला चौरस सेंमीचा १०⁻⁴ लावला, त्याला ०.०१. आणि ज्याने मिलि म्हणजे १०⁻³ एवढंच लक्षात ठेवून वर्ग केला नाही, त्याला ०.००१. पेपर काढणाऱ्याने तुमच्या तिन्ही चुका आधीच करून ठेवलेल्या असतात. म्हणून ‘माझं उत्तर पर्यायात आहे’ यावर विसंबून चालत नाही. सीईटीत चुकीला वजाबाकी नाही, एक गुण जातो इतकंच. नीटमध्ये आणि जेईई मेनमध्ये चार गुण बुडतात, वर एक कापला जातो.

नियम एवढाच, की मिलि, सेंटी असा उपसर्ग एककाला जोडलेला असतो आणि घात दोघांना मिळून लागतो. चौरस सेंमी १०⁻⁴ चौरस मीटर, घन सेंमी १०⁻⁶ आणि लिटर १०⁻³ घनमीटर. घनता ग्रॅम प्रति घन सेंमीत दिली असेल तर १००० ने गुणायचं, कारण १०⁻³ भागिले १०⁻⁶. पृष्ठताणाचे डाइन प्रति सेंमी न्यूटन प्रति मीटरमध्ये नेताना १०⁻⁵ भागिले १०⁻², म्हणजे १०⁻³. पाण्याचे ७२ तिथे ०.०७२ होतात. श्यानतेचा पॉइज म्हणजे ०.१ पास्कल-सेकंद, गॉस म्हणजे १०⁻⁴ टेस्ला. हे पाठ असलं तर बरं, नसलं तर कागदाच्या कोपऱ्यात दोन ओळींत निघतं.

कोष्टक कामाला येत नाही असा प्रश्नही हमखास असतो. समजा नव्या पद्धतीत वस्तुमानाचं एकक १० किलोग्रॅम, लांबीचं १० मीटर, काळाचं १ मिनिट आहे. १ न्यूटन म्हणजे नवी किती एककं? सूत्रात आकडे कोंबण्याआधी नवं एकक न्यूटनमध्ये लिहा: १० गुणिले १०, भागिले ६० चा वर्ग, म्हणजे १०० भागिले ३६००, म्हणजे न्यूटनचा छत्तिसावा भाग. एकक लहान झालं, तेव्हा संख्या मोठी व्हायला हवी: ३६. इथे चुकणारी मुलं बहुतेक वेळा १/३६ लिहितात. जुनं भागिले नवं की नवं भागिले जुनं, हा गोंधळ पाठांतराने सुटत नाही. ‘एकक लहान तर संख्या मोठी’ एवढ्याने सुटतो.

एखादी राशी वस्तुमान, लांबी आणि काळ यांच्या कोणत्या घातांनी बनते, ते म्हणजे तिच्या मिती. त्यांसाठी मी मुलांना अक्षरांऐवजी नुसते घातांक लिहायला लावतो. कंसात वस्तुमान, लांबी, काळ या क्रमाने तीन आकडे. वेग (०, १, −१), बल (१, १, −२), कार्य (१, २, −२), दाब (१, −१, −२). राशींचा गुणाकार असेल तर कंसांची बेरीज, भागाकार असेल तर वजाबाकी, वर्गमूळ असेल तर निम्मे. गुरुत्व स्थिरांक म्हणजे बल गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वस्तुमानाचा वर्ग: (१, १, −२) मध्ये (०, २, ०) मिळवा, (२, ०, ०) वजा करा, (−१, ३, −२) हाती येतं. विजेच्या प्रकरणात चौथी जागा विद्युतधारेची. प्रभार (०, ०, १, १), विभवांतर (१, २, −३, −१), त्यावरून रोध (१, २, −३, −२) आणि धारिता (−१, −२, ४, २). रोध आणि धारितेची बेरीज करून बघा: फक्त काळाच्या जागी १ उरतो. बारावीत या दोघांचा गुणाकार ‘कालांक’ का म्हणवतो ते इथे दिसतं. जिथे सूत्र आठवतं तिथे मितीय सूत्र पाठ करण्यात अर्थ नाही.

मितींच्या मर्यादाही माहीत हव्यात, कारण त्यांवरही प्रश्न येतात. कार्य आणि टॉर्क दोन्ही (१, २, −२), पण टॉर्कचं एकक न्यूटन-मीटरच लिहायचं, ज्यूल नाही. पृष्ठताण आणि स्प्रिंगचा स्थिरांक सारखे. दाब, यंगचा गुणांक आणि ऊर्जा घनता सारखी. प्लांकचा स्थिरांक आणि कोनीय संवेग सारखे. सूत्रातला अर्धा किंवा २ पाय मितींना दिसत नाही, म्हणून मिती जुळल्या तरी सूत्र बरोबर असेलच असं नाही. न जुळल्या तर मात्र ते नक्की चूक. साइन, लॉग आणि घातांकाच्या आत जे असतं त्याला मिती नसते. बरेच अवघड दिसणारे प्रश्न या एका वाक्यावर सुटतात.

तापमानाचं प्रकरण वेगळं, कारण तिथे नुसत्या गुणाकाराने भागत नाही. बंद भांड्यातला वायू २७ वरून १२७ अंश सेल्सिअसला नेला तर दाब ४/३ पट होतो, कारण ३०० चे ४०० केल्विन झाले. १२७ ला २७ ने भागणारे दर वर्षी असतात. उलट तापमानातला फरक सेल्सिअसमध्ये आणि केल्विनमध्ये तोच असतो, त्यामुळे विशिष्ट उष्माधारकता किंवा प्रसरणांक असलेल्या गणितात २७३ मिळवत बसणं ही नवी चूक. गुणोत्तर असेल तर केल्विन, वजाबाकी असेल तर काहीही चालेल. कोनांचंही बघून घ्या: मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५ फेरे आणि १० पाय रेडियन. हर्ट्झ आणि रेडियन प्रति सेकंद यांत २ पाय एवढं अंतर असतं आणि पर्यायांत दोन्ही उत्तरं शेजारी बसलेली असतात.

एसआयचा फार सोवळेपणा मात्र नको. प्रकाशविद्युत परिणामात तरंगलांबी ४०० नॅनोमीटर आणि कार्यफल २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट दिलं असेल, तर १२४० ला (प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटरमध्ये) ४०० ने भागा: फोटॉनची ऊर्जा ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, शिल्लक १, म्हणून निरोधी विभव १ व्होल्ट. ज्यूलमध्ये जाऊन परत येणाऱ्याला कॅल्क्युलेटरविना दोन लांबलचक भागाकार करावे लागतात. फक्त १२४० बरोबर नॅनोमीटर, अँगस्ट्रॉम असेल तर १२४००. कोणतीही पद्धत घ्या, एका गणितात एकच. आदर्श वायूच्या समीकरणात लिटर आणि वातावरण घेतलंत तर स्थिरांक ०.०८२१, पास्कल आणि घनमीटर घेतलेत तर ८.३१४. दाब पास्कलमध्ये, आकारमान लिटरमध्ये आणि स्थिरांक ८.३१४ असा संसार टिकत नाही.

जुनं गाइड वापरणाऱ्यांना एक सूचना. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल नाही. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे, पण व्याख्या आता प्लांकच्या स्थिरांकावर बेतलेली आहे. त्याचं मूल्य ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद असं कायमचं ठरवून टाकलं आहे. अँपिअरही दोन समांतर तारांमधल्या बलावरून मूलभूत प्रभारावर गेला, केल्विन बोल्ट्झमन स्थिरांकावर, मोल अव्होगाड्रोच्या संख्येवर. तारांची जुनी व्याख्या अजून कित्येक पुस्तकांत आहे. बलाचं गणित सोडवायला ती चालते, व्याख्येच्या प्रश्नाला नाही.

त्रुटींचा भाग प्रयोगशाळेत शिकावा, वहीत नाही. १०० सेंमीचा लंबक, पट्टीचं लघुतम माप १ मिमी, घड्याळाचं १ सेकंद, ५० दोलनांना १०० सेकंद. गुरुत्व त्वरणात लांबीचा घात १, काळाचा २, म्हणून शेकडा त्रुटी ०.१ अधिक दोन वेळा १, म्हणजे २.१ टक्के. काळाची १ सेकंदाची त्रुटी १०० सेकंदांवर आहे, एका दोलनाच्या २ सेकंदांवर नाही. तसं घेतलं तर एकट्या काळाची त्रुटी ५० टक्के निघेल आणि प्रयोगच निरर्थक ठरेल. दोलनं पन्नास का मोजायला लावतात, त्याचं कारण हेच. काळाचा घात २ असतो म्हणून महागडी पट्टी आणण्यापेक्षा जास्त दोलनं मोजणं फायद्याचं.

शेवटचं, जेईईच्या रिकाम्या जागेतल्या उत्तरांबद्दल. तिथे पर्याय नसतात आणि प्रश्नाच्या शेवटी ‘____ × १०⁻² मीटर’ किंवा ‘____ मिलिअँपिअर’ असं छापलेलं असतं. उत्तर ०.०५ मीटर आलं असेल तर रकान्यात ५ भरायचं. गणित सुरू करण्याआधी ही शेवटची ओळ वाचा, तिथलं एकक कच्च्या कागदावर वर उजवीकडे लिहून ठेवा, आणि आकडा टाइप करण्याआधी एकदा तिकडे बघा.