ट्रॉलीतला बेडूक

जेसीबीनं गाळाचं ढेकूळ ट्रॉलीत टाकलं, ते फुटलं आणि आतून बेडूक निघाला. केज तालुक्यातल्या आमच्या तळ्यात, भर मे महिन्यात, पाण्याचा टिपूस नसताना.

मेलाय असंच वाटलं. मातकट अंग, डोळे मिटलेले, पाय पोटाशी घट्ट. नीट बघितलं तर गळ्याखालची कातडी हलत होती, अगदी सावकाश.

पोरं काडीनं टोचायला लागली तसे ट्रॉलीवाले मामा खेकसले, “ठिवा रे त्याला खाली. मिरग निघाला की उठतंय आपोआप.”

खरंच आहे ते. पाणी आटायला लागलं की काही बेडूक ओल्या मातीत खोल शिरतात. शरीराचं काम मंदावतं, खाणं बंद. मूत्राशयात साठवलेलं पाणी आणि कातडीतून शोषलेली मातीची ओल, एवढ्यावर पाऊस येईपर्यंत निभावतं. (आणि आपण? लाईट गेली की तासाभरात कासावीस.)

गाळ काढायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. तळं खोल होतं, हलक्या रानाला माती मिळते. पण सकाळपासून भरून गेलेल्या त्या ट्रॉल्यांमधून असे किती जण थेट उन्हात जाऊन पडले असतील?

तुमच्याकडं गाळ उपसताना असं कुणी निघालं का? काय केलंत त्याचं?