उसनवारीची वही : निरांगणचा पाचवा नकाशा

निरांगण या माझ्या कल्पित विश्वाचा नकाशा या पावसाळ्यात पाचव्यांदा काढला. चौथ्यात ओघवती नदी डोंगरातल्या एका तळ्यातून निघायची आणि दोन फाटे होऊन दोन समुद्रांना मिळायची. मला ते फार आवडलं होतं. कराडचा मित्र गेली सात वर्षं स्वतःचं विश्व रचतोय. त्याने कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "पाणी दोन्हीकडे कशाला जाईल? एक वाट जराशी खोल झाली की सगळं तिकडंच वळणार ना?"

संध्याकाळी तो मला प्रीतिसंगमावर घेऊन गेला. कोयना आणि कृष्णा तिथे अगदी समोरासमोर येऊन भिडतात आणि एक होऊन काटकोनात वळतात. नद्या अशा जुळत जातात, तो म्हणाला. फुटायच्या त्या समुद्राजवळ, गाळाच्या सपाटीवर. दोन समुद्रांची माझी हौसही त्यानेच राखली. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, कारण उतार वेगळे आहेत. पाचव्या नकाशात आता एका डोंगराच्या दोन अंगांना दोन नद्या आहेत. मधली डोंगरधार कुणाची, यावरून दोन राज्यांचं भांडण आपोआप उभं राहिलं. ते मला सुचवावं लागलं नाही.

त्याच्या विश्वाबद्दल लिहायचं तर पानं पुरणार नाहीत. पाया साधा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या माणदेशात पाचशेच्या आसपास. ढग डोंगरावरच रिकामे होतात. हे शाळेत सगळेच शिकतो. त्याने त्यापुढचा प्रश्न विचारला : त्या कोरड्या बाजूची माणसं वर्षभर काय करतात? आपल्याकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पाऊस यायच्या आत परततात. मेंढरांना तिथला पाऊस सोसत नाही, आणि शेतात मेंढरं बसली की खत मिळतं म्हणून तिथले शेतकरी त्यांची वाट बघतात. त्याच्या विश्वात हेच मेंढपाळ डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या बातम्या वाहतात. मग दोन्हीकडच्या भाषांत कोणते शब्द सारखे असणार? मेंढरांचे, लोकरीचे, हवेचे आणि उधारीचे. राजाला, देवाला दोन्हीकडे वेगळे शब्द आहेत. ही यादी वाचली तेव्हा मी उठून फेऱ्या मारायला लागलो. मी तीन वर्षं निरांगणच्या भाषेच्या व्याकरणाचे तक्ते भरत होतो. कुठला शब्द कुणाच्या पाठीवर बसून आला, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मिरजेच्या मैत्रिणीचं काम निराळ्या जातीचं आहे. ती नकाशा काढतच नाही. ती एक वस्तू हातात घेते आणि तिचा माग काढत जाते. मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावणारे. तलवारींची गरज सरली तशी एकोणिसाव्या शतकात ती कसबी बोटं वाद्यांकडे वळली. तंबोऱ्याचा भोपळा मात्र मिरजेत पिकत नाही, तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. एवढ्या दोन गोष्टींवर तिने अख्खं शहर उभं केलंय. तिथे तह झाल्यावर शस्त्रं करणाऱ्यांनी वाद्यं करायला घेतली, आणि ज्या मुलखाशी लढाई झाली त्याच मुलखात भोपळे पिकतात. तिकडे दुष्काळ पडला की पुढच्या वर्षी शहरात नवीन वाद्य होत नाही. भोपळा वाळून तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून वैरसुद्धा तिथे लगेच पेटवता येत नाही. तह टिकवायला एक वेल पुरतो, हे तिने कुठेही वाक्यात लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याला ते आपसूक कळतं. मला विश्वरचनेत याहून वरचं काही ठाऊक नाही.

फलटणच्या एकाकडून अंतराचं गणित घेतलं, ते थोडक्यात सांगतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पण पालखीला मुक्काम धरून अठरा-वीस दिवस लागतात. माझं सैन्य तेवढंच अंतर पाच दिवसांत कापत होतं, सोबत बैलगाड्या आणि स्वयंपाकी. सगळ्या मोहिमा पुन्हा मोजल्या. दोन लढाया आता पावसाळ्यात येतात, म्हणून त्या होणारच नाहीत.

वहीच्या शेवटच्या पानांवर मी उसनवारी लिहून ठेवतो : कुणाकडून काय घेतलं, विचारून घेतलं का, आणि घेतल्यावर माझ्याकडे त्याचं काय झालं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती उचलेगिरी. मेंढपाळांची कल्पना अजून त्याच रकान्यात अडकलीय, म्हणून निरांगणात ती आणलेली नाही.

मैत्रिणीची रीत मात्र मी या महिन्यात स्वतः वापरून पाहिली. सांगलीत राहून हळदीपासून लांब का जायचं? वारणा जिथे कृष्णेला मिळते त्या हरिपुरात जमिनीखाली हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे खोल खड्डे होते. तिथली माती इतकी घट्ट की आत ओल शिरत नसे आणि तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिके. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि बरीचशी पेवं गेली. मी संगमेश्वराच्या देवळापाशी बसून निरांगणचा खजिना जमिनीखाली नेला. तिथे सोनं नाही, धान्याची पेवं आहेत. राजाची पत म्हणजे पेवांची संख्या. कुठलं पेव कुठे आहे हे जमिनीवरून दिसत नाही, म्हणून ते लक्षात ठेवणारं एक घराणं आहे. आणि राजधानी दोन नद्यांच्या संगमावर आहे, कारण तशी माती तिथेच मिळते. पूर कधी ना कधी येणारच. साम्राज्य कसं बुडालं याचं उत्तर मी तीन वर्षं लढायांत शोधत होतो.

बारा पानं लिहून मैत्रिणीला दिली. तिने दोन दिवसांनी परत केली. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कोंडलेल्या हवेने जीव जातो, आधी तोंड उघडं ठेवतात, असं मी चौथ्या पानावर लिहिलं होतं. त्या ओळीखाली तिने पेन्सिलीने विचारलंय, "मग पहिला कोण उतरतो? आणि त्याच्या घरचे त्या दिवशी काय करतात?"

कालपासून तेच लिहितोय.