दोन डेटाबेस, एकच पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानाच्या पट्ट्या (शेतकऱ्याला दिले जाणारे विक्रीचे हिशोब) आणि खतावणी ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. ते पायथनमध्ये लिहिलेले असून त्याचा डेटाबेसशी होणारा सगळा व्यवहार मीच बेतलेल्या एका लहानशा लायब्ररीतून होतो. तिच्याखाली आजवर एसक्यूलाइट या, सगळा डेटा एकाच फाइलीत ठेवणाऱ्या डेटाबेसची एक फाइल पुरत होती. दुकानात एका काउंटरची तीन काउंटरे झाली, तेव्हा तीच फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवून तिन्ही संगणकांवरून वापरण्याचा आळशी मार्ग मी पत्करला, आणि नेटवर्कवरील फाइलींच्या बाबतीत एसक्यूलाइटचे कर्तेच सावध करतात हे वाचलेले असूनही पत्करला. हळदीच्या ऐन हंगामात सौदे उरकले की तिन्हीकडे एकदम पट्ट्या पडू लागत आणि कोणत्या तरी एका पडद्यावर 'डेटाबेस इज लॉक्ड' हा संदेश ठरलेला असे. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येते, त्यामुळे तक्रार करायला जागाच नव्हती. या दुकानासाठी पोस्टग्रेसक्यूएल हा, सर्व्हरवर चालणारा आणि अनेकांना एकाच वेळी लिहू देणारा डेटाबेस घ्यायचे ठरले. मात्र एकाच संगणकावर काम भागणारी माझी बाकीची दुकाने एसक्यूलाइटवरच राहणार होती. म्हणजे लायब्ररी एकच, पण तिच्याखाली एकेका डेटाबेसशी जुळवून घेणारे अ‍ॅडॉप्टर दोन.

हे काम नेमके काय आहे, असे दुकानातल्या दिवाणजींनी विचारले. प्रोग्रॅमला खाली कोणता डेटाबेस आहे हे कळू न देता दोघांमधला व्यवहार जुळवून देणारा एक मधला थर लिहायचा आहे, असे मी सांगितले. "म्हणजे अडत्याच म्हणा की," एवढे बोलून ते पुन्हा वजनाच्या चिठ्ठ्यांकडे वळले. त्यानंतर मी कोडमधल्या त्या फोल्डरचे नावच 'अडत' असे ठेवले.

इंटरफेस, म्हणजे या थराने पुरवायच्या क्रियांची यादी, कागदावर फारच आटोपशीर दिसत होता: जोडणी उघडणे, विधान (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवणे, एक ओळ किंवा सगळ्या ओळी आणणे, व्यवहार (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या विधानांचा गट) पक्का करणे अथवा मागे घेणे आणि जोडणी बंद करणे. पायथनच्या जगात डेटाबेस ड्रायव्हरांनी, म्हणजे पायथनला एखाद्या डेटाबेसशी बोलू देणाऱ्या तयार कोडने, कसे वागावे हे सांगणारा पेप २४९ हा दस्तऐवज १९९९ सालापासून आहे आणि माझ्या दोन्ही डेटाबेसांचे ड्रायव्हर तो पाळतात. तेव्हा दुसरा अ‍ॅडॉप्टर एका दुपारचे काम आहे असा माझा अंदाज होता. पण पेप २४९ मेथडची नावे जितकी ठामपणे ठरवतो, तितके त्यांचे वागणे ठरवत नाही. विधानात मूल्याची जागा कोणत्या चिन्हाने दाखवायची, या एवढ्याशा प्रश्नावर त्याने पाच पद्धतींना मुभा दिली आहे. एसक्यूलाइटचा ड्रायव्हर प्रश्नचिन्ह घेतो, तर पोस्टग्रेसक्यूएलचा सायकोपीजी टक्क्याच्या चिन्हापुढे एस हे अक्षर मागतो.

माझ्या लायब्ररीत सगळीकडे प्रश्नचिन्हच होते, म्हणून नव्या अ‍ॅडॉप्टरमध्ये मी एका ओळीत प्रश्नचिन्हांची अदलाबदल करून टाकली. पहिल्याच दिवशी 'वजन पुन्हा?' असा शेरा शोधणारे विधान कोसळले, कारण अवतरणचिन्हांच्या आतले प्रश्नचिन्हही बदलले गेले होते. त्याहून चकवणारा प्रकार 'राजापुरी' हळदीच्या शोधात निघाला. 'राजा' या अक्षरांपुढे टक्क्याचे चिन्ह लावून केलेला लाइक-शोध (त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे आणणारा) एका पडद्यावर नीट चाले आणि दुसऱ्या पडद्यावर फसे. विधानासोबत मूल्ये दिली असतील तरच सायकोपीजी टक्क्याच्या चिन्हाकडे जागादर्शक म्हणून पाहतो; मूल्ये नसतील तर विधान जसेच्या तसे पुढे जाते. पहिल्या पडद्यावर तारखेची अट नव्हती, दुसऱ्यावर होती. शेवटी विधान अक्षर-अक्षर वाचत जाणारी साधारण चाळीस ओळींची एक फंक्शन लिहिली. आपण अवतरणात आहोत की टिपणीत, याचे भान ठेवून ती बाहेरची प्रश्नचिन्हे तेवढी बदलते आणि मूल्ये दिलेली असतील तर मूळची टक्क्याची चिन्हे दुहेरी करते.

पैशांचा प्रश्न मात्र मी स्वतःच पूर्वी पेरून ठेवलेला होता. एसक्यूलाइटमध्ये खरा दशांश प्रकार नाही. न्यूमेरिक म्हणून जाहीर केलेल्या रकान्यातही अपूर्णांक हा फ्लोट म्हणूनच, म्हणजे द्विमान पद्धतीत बहुधा अंदाजे किमतीने, साठतो. पोस्टग्रेसक्यूएलच्या न्यूमेरिक रकान्यातून पायथनला डेसिमल हा अचूक दशांश प्रकार मिळतो, आणि डेसिमल व फ्लोट यांची बेरीज करायला पायथन सरळ नकार देतो. त्या नकाराबद्दल मी आज त्याचा ऋणी आहे, कारण जुन्या कोडमध्ये रुपयांचे पैसे करताना मी शंभराने गुणून पूर्णांक घेत होतो. पायथनमध्ये १.१५ गुणिले १०० याचे उत्तर ११४.९९९९९९९९९९९९९९ येते, त्यामुळे एक रुपया पंधरा पैशांचे माझ्याकडे ११४ पैसे होत होते. एखाद्या पट्टीत हमाली किंवा तोलाई एका पैशाने कमी पडे आणि शेवटी रुपयात पूर्णांक करताना ती चूक बहुधा झाकली जाई. आता रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, दोन्ही पूर्णांकांत साठवतो, आणि अ‍ॅडॉप्टरच्या हद्दीत फ्लोट दिसला की लायब्ररी तिथेच त्रुटी उभी करते.

माझा सर्वाधिक वेळ खाल्ला तो व्यवहारांनी. पट्टी नोंदवताना शेतकऱ्याचे खाते आधी घालून पाहायचे, ते अगोदरच असेल तर येणारी त्रुटी गिळायची आणि पुढे पट्टी लिहायची, अशी माझी जुनी रीत होती. एसक्यूलाइटमध्ये अशा वेळी ते एक विधान तेवढे फसते आणि व्यवहार चालू राहतो. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एका विधानाच्या त्रुटीने सगळा व्यवहारच बाद होतो आणि तो मागे घेईपर्यंत पुढचे प्रत्येक विधान नाकारले जाते. प्रत्येक विधानाभोवती सेव्हपॉइंट (व्यवहार तिथपर्यंतच मागे घेता येईल अशी खूण) लावून दोघांना सारखे वागवता आले असते, परंतु त्यासाठी सर्व्हरकडे जादा फेऱ्या होतात आणि कोड लिहिणाऱ्याला आपण काय करतो आहोत याची जाणीवही राहत नाही. म्हणून इंटरफेसमध्ये 'उपव्यवहार' ही वेगळी सोय दिली, आणि खात्यांसाठी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (आधीच असेल तर काही करू नको) हा प्रकार वापरला, जो दोन्ही डेटाबेसांना समजतो.

दुसरा फटका दुकान बंद होण्याच्या वेळी बसला. पट्टीच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा होता आणि ते विधान अडकूनच बसले. त्याच्यापाठोपाठ काउंटरांवरचे साधे शोधही थांबले, कारण ते आता त्या अडकलेल्या विधानाच्या मागे रांगेत उभे होते. एका काउंटरवर सकाळपासून फक्त पट्ट्यांची यादी उघडी होती. पायथनचा एसक्यूलाइट ड्रायव्हर नुसत्या वाचनासाठी व्यवहार उघडत नाही. सायकोपीजी मात्र पहिल्या सिलेक्टलाच व्यवहार उघडतो आणि आपण तो संपवीपर्यंत वाचलेल्या तक्त्यावरचे त्याचे हलके कुलूप टिकते. रकाना वाढवणाऱ्या विधानाला त्या तक्त्यावर पूर्ण हक्क हवा असतो. आता वाचनाचे काम संपताच अ‍ॅडॉप्टर स्वतः व्यवहार बंद करतो.

नव्या ओळीचा क्रमांक मिळवण्याची बाब किरकोळ निघाली: पोस्टग्रेसक्यूएलमध्ये रिटर्निंग आणि एसक्यूलाइटमध्ये लास्टरोआयडी. रिटर्निंग एसक्यूलाइटमध्येही २०२१ पासून आहे, पण काही दुकानांतले संगणक त्याहून जुने आहेत.

गावांच्या यादीतली खोट मात्र चाचण्यांना नव्हे, दिवाणजींना दिसली. "कळंबी कवठ्याच्या आधी कशी आली?" त्यांनी विचारले. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मधे बसवलेले आहे. त्यामुळे बाइटांच्या क्रमाने लावल्यावर कळंबी, कवठे एकंद, कसबे डिग्रज अशी यादी येते; आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर असल्याने कळंबी शेवटी यायला हवी. एसक्यूलाइटवरही हे इतकी वर्षे चुकतच होते, फक्त तिथे कोणी बोलले नव्हते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आयसीयू या, भाषांचे नियम पुरवणाऱ्या लायब्ररीचा मराठी क्रम मागता येतो, तर एसक्यूलाइटला पायथनमधून स्वतःची तुलना-फंक्शन पुरवता येते. इंटरफेसमध्ये 'मराठी क्रम' हे कलम घातले आणि ते पुरवणे दोन्ही अ‍ॅडॉप्टरांवर बंधनकारक केले.

या सगळ्याच्या चाचण्या आता एकाच संचात आहेत आणि तो संच दोन्ही अ‍ॅडॉप्टरांवर जसाच्या तसा चालतो. एका डेटाबेसपुरती सवलत देणारी अट त्यात येऊ द्यायची नाही, हे मी कटाक्षाने पाळले आहे. एका व्यापाऱ्याने मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेससाठीही विचारले आहे. तिथे तक्त्याची रचना बदलणारे विधान चालवले की चालू व्यवहार आपोआप पक्का होतो, तर माझ्या लायब्ररीतील रचनाबदल हे फसल्यास पूर्ण मागे घेता येतील याच गृहीतकावर उभे आहेत. ते गृहीतक सोडायचे की व्यापाऱ्याला पोस्टग्रेसक्यूएलच घ्यायला सांगायचे, हे अजून ठरत नाही, त्यामुळे 'अडत' फोल्डरमधली तिसरी फाइल सध्या रिकामीच आहे.