५१२.८ मीटर

अकरावीच्या केमिस्ट्रीत अणुरचनेचा धडा लागला की आमच्या आर्वीकडच्या पोट्ट्यांचे चेहरे उतरतात, आणि खरं सांगू का, त्यात त्यांचा काही दोष नाही. वेग बरोबर वारंवारता (सेकंदाला किती लहरी) गुणिले तरंगलांबी (एका लहरीची लांबी), एवढंच सूत्र. पण पुस्तकात वारंवारतेचा तो न्यू (ग्रीक अक्षर) असा छापलेला असतो की पोरांना तो वेगाचा व्हीच वाटतो, मग तिथेच प्रकाशाचा वेग, ३ गुणिले १० चा ८ वा घात म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटर, टाकून मोकळे. त्यात लांबी दिलेली नॅनोमीटरमध्ये. १ मीटरचे १०० कोटी भाग करायचे आणि त्यातला एक उचलायचा, आता ज्यानं लहानपणापासून एकरात हिशेब ऐकला त्यानं हे डोळ्यासमोर आणायचं तरी कसं?

पुतणी यंदा अकरावीला आहे, तिला मी पुस्तक मिटायला लावलं आणि रेडिओचं सांगितलं. तिचे आजोबा जागलीला वावरात जाताना रेडिओ खांद्याला अडकवून न्यायचे, गाणी ऐकायला कमी आणि रानडुकरं पळवायला जास्त. आकाशवाणी नागपूर लागायचं ५८५ किलोहर्ट्झवर, आणि तेव्हा निवेदक मीटरही सांगायचे, ५१२.८ मीटर. आम्ही ते वर्षानुवर्षं ऐकलं, कोणाच्या डोक्यात आलं नाही की हे दोन आकडे एकाच लहरीचे आहेत. मोबाईलवर गुण म्हटलं. ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ लाख ८५ हजार लहरी. ५१२.८ गुणिले ५ लाख ८५ हजार, आले जवळपास ३० कोटी. मीटर, दर सेकंदाला. प्रकाशाचा वेग! म्हणजे निवेदक रोज सकाळ-संध्याकाळ अकरावीचं गणित सोडवून देत होता आणि आम्ही बाजारभावाची वाट पाहत बसलो होतो.

रेडिओची लहर आणि उन्हाची तिरीप एकाच जातीच्या, हे १८८० च्या दशकात हाइनरिश हर्ट्झनं प्रयोग करून दाखवलं, म्हणून तर त्याचं नाव किलोहर्ट्झला चिकटलं. वेग दोघींचा सारखाच, त्यामुळे लांबी वाढली की वारंवारता घटणारच. बाप आणि लेकरू हात धरून धुऱ्यानं चालले की बापाच्या ढांगा मोजक्या आणि लेकराची पावलं भराभर पडतात ना, तसंच. नागपूरची लहर अर्धा किलोमीटर लांब, आमचं अख्खं वावर तिच्यात मावून जाईल. आणि लाल उजेडाची ७०० नॅनोमीटर, एका केसाच्या जाडीत अशा शंभरेक बसतात. जांभळ्याची तर ४०० च्या आसपास, म्हणून डोळ्याला दिसणाऱ्या रंगांत त्याची वारंवारता सगळ्यात जास्त.

तेवढ्यात गॅसवर भात उतू गेला. मिठाचं पाणी बर्नरवर सांडलं आणि निळी ज्योत झपकन पिवळी झाली, आई तिकडून ओरडली, पण मला आयताच मसाला मिळाला. (चुलीवर हे कळत नाही, तिथली ज्योत आधीच पिवळी असते, ती काजळीच्या तापलेल्या कणांमुळे.) हा पिवळा मिठातल्या सोडियमचा, ५८९ नॅनोमीटरचा. प्रॅक्टिकलला तारेवर मीठ घेऊन फ्लेम टेस्ट करतात तोच. आता वारंवारता काढ म्हटलं. या खेपेला पोरीनं आधी नॅनोमीटरचे मीटर केले, मग भागलं, उत्तर सेकंदाला ५०९ लाख कोटी. अर्थसंकल्पात सुद्धा इतके नसतात, ती म्हणे.

मग तिनंच विचारलं, हा उजेड विहिरीच्या पाण्यात शिरला तर? मला हा प्रश्न फार आवडला. पाण्यात उजेडाचा वेग पाऊणपट होतो, लांबीही तेवढीच आखडते, ५८९ ची ४४३ च्या जवळ येते. हवेतली ४४३ म्हणजे निळा रंग. पण पाण्यात बुडी मारून पाहिलं तरी पिवळा पिवळाच दिसतो, कारण वारंवारता बदलत नाही. ते ५०९ लाख कोटी तसेच्या तसे राहतात.

आई ओटा पुसत सगळं ऐकत होती.

"काहून रे, सेकंदात इतले कोण मोजत बसलं होतं?"

"कोणीच नाही. लांबी मोजली अन् वेगाले तिच्यानं भागलं."

"मंग पयलेच तसं सांगाचं ना," म्हणे, आणि उतू गेलेल्या भाताचं बिल माझ्यावर फाडलं.