तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्ड वाकलेली नव्हती

"हे असले नवे जॅझवाले तुला सापडतात कुठून? आणि खरंच आवडतं, की आवडवून घेतेस?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता एकदाच काय ते लिहून टाकते.

सापडतात कुठून, हे सांगणं सोपं आहे. मी रेकॉर्डचं कव्हर उलटं करून मागची नावं वाचते. ज्याच्या नावावर रेकॉर्ड आहे त्याच्यापेक्षा बेसवर कोण, ड्रम्सवर कोण, ते बघते आणि त्या माणसाच्या मागे जाते. गिटारवादक मेरी हॅल्व्हरसनची 2022 ची 'अमॅरिलिस' घ्या. सहा जणांचा संच आहे. त्यात व्हायब्राफोनवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, पॅट्रिशिया ब्रेनन आहे. तिचं स्वतःचं काम मी तिथूनच शोधत गेले. ड्रम्सवरचा टोमास फुजिवारा टोमिका रीडच्या चौकडीतही आहे. तिथे रीडचा चेलो (व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ) आणि गिटारवर पुन्हा हॅल्व्हरसनच. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला म्हणून गेलेली हॅल्व्हरसन सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन यांच्या वर्गात बसली आणि संगीताकडे वळली. ब्रॅक्स्टनकडे गेलात की 1969 साली ध्वनिमुद्रित झालेलं 'फॉर अल्टो' भेटतं. दोन रेकॉर्डी भरून एकटा सॅक्सोफोन, सोबतीला कुणीच नाही. एका नावातून वर्षभराचं ऐकणं निघतं ते असं. ॲप तुम्हाला आवडलेल्यासारखंच आणखी काहीतरी पुढे करतं. वादक मात्र साथीदार निवडतो तो आपल्याला जे सुचत नाही ते त्याला सुचतं म्हणून. मला तरी त्याच्या निवडीवर जास्त भरवसा वाटतो.

आवडवून घेतेस का, हे मात्र मला लागतं. कारण हेच मला सगळ्यात आधी मामानं विचारलं होतं.

कव्हर उलटं करून वाचायची सवय मुळात त्याची. "आधी फक्त बेस ऐक, बाकी सगळं विसर," असं म्हणून एकच रेकॉर्ड तो मला चारदा ऐकवायचा, दर वेळी वेगळं वाद्य धरून. त्याचा जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 1964 पर्यंतच्या रेकॉर्डींपाशी थांबतो. पुढचं त्याच्याकडे नाही.

'अमॅरिलिस' आली त्याच वर्षी मी ती घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं नेहमीसारखी कडेनं धरून ती बाहेर काढली, पुसली, सुई ठेवली आणि डोळे मिटले. हॅल्व्हरसनची गिटार मोठी, पोकळ पेटीची आहे. तारेवर पिक आपटल्याचा लाकडी आवाजसुद्धा ऐकू येतो. मामाची मान डोलायला लागली. मग तिचा तो प्रकार आला: सरळ चाललेला सूर अचानक घसरतो, भोवऱ्यासारखा डगमगतो आणि पुन्हा उभा राहतो. मामानं डोळे उघडले. उठला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि फिरणाऱ्या रेकॉर्डच्या कडेशी डोळा नेऊन बघत राहिला. "वाकलीय गं ही."

"नाही वाकलेली. ती तशीच वाजवते."

त्यानं प्लेअरचा वेग तपासला. आणखी थोडं ऐकलं. पुन्हा तेच आलं. मग त्यानं सुई उचलली. "इतकं चांगलं वाजवतेय आणि मध्येच का सांडतेय? तुला खरंच आवडतं हे, की आवडवून घेतेस?"

मी म्हणाले, "मामा, तुझे कान 1965 सालीच बंद झालेत."

त्या महिन्यात त्याच्या डाव्या कानाला नुकतं यंत्र लागलं होतं आणि मला ते माहीत होतं. बोलताना ते माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर असेलही. त्यानं रेकॉर्ड पाकिटात घातली, माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेला.

कानाची यंत्रं मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून जुळवलेली असतात, हे मला नंतर कळलं. लांब, स्थिर सुराला ती कधीकधी शिट्टी समजून दाबायला जातात आणि मग सूर थरथरतो. म्हणजे मामा रेकॉर्डची कड बघत होता तेव्हा त्याला बहुधा वेगळीच भीती होती: रेकॉर्ड वाकलेली नसेल, तर मग डगमगतंय ते काय?

आणि 1965 म्हणे! एएसीएम ही वादकांची संस्था शिकागोत उभी राहिली ती त्याच साली. ब्रॅक्स्टन त्यातलेच, रीडही त्यातलीच. मी ज्यांच्या मागे धावते त्यातले निम्मेअधिक त्या सालाचं देणं लागतात. शिवी द्यायला मी नेमकं तेच साल निवडलं.

तरीही मी आवडवून घेते, असं कबूल करणार नाही. 'फॉर अल्टो' मला पहिल्या तीन वेळा सोसवलं नव्हतं. चौथ्या वेळी फक्त ब्रॅक्स्टन यांचा श्वास कुठे पडतो तेवढंच ऐकलं आणि सगळं उलगडलं. याला आवडवून घेणं म्हणायचं असेल, तर मामाची ती चार वेळांची शिकवणी काय होती? पण त्याला हे तोंडावर विचारायची माझी हिंमत अजून झालेली नाही.

बऱ्याच महिन्यांनी फोनवर मी एवढंच सांगितलं, की ती डगमग खरीच आहे, हॅल्व्हरसन ती पायाजवळच्या डिले पेडलनं, म्हणजे सूर जरा उशिरानं परत ऐकवणाऱ्या यंत्रानं, करते.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझा कान नव्हता."

"नव्हता."

"बरं झालं सांगितलंस. पण नाही आवडलं ते नाहीच आवडलं."

त्यानं सुई उचलायला नको होती, असं मला आजही वाटतं.