अर्ध्या-अर्ध्या तासाचा उशीर

उशीर एकदम सांगून टाकला तर माणूस बूट काढतो, स्वेटरची उशी करतो आणि पडतो. पण फलकावर आधी अर्धा तास, मग आणखी पाऊण तास असं वाढत गेलं की धड झोपता येत नाही आणि उठून पायही मोकळे करता येत नाहीत. डिसेंबरात टोरांटोला जाताना जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या विमानतळावर आमचं हेच झालं. सोबत सासूबाई होत्या. वय 78, गुडघ्यांमुळे व्हीलचेअर, स्वभाव माझ्यापेक्षा कितीतरी शांत.

दुपारचं विमान संध्याकाळी गेटवरून हललं आणि डी-आयसिंगच्या, म्हणजे पंखांवरचा बर्फ काढण्याच्या, रांगेत जाऊन थांबलं. खिडकीची जागा असल्याचा तेवढा फायदा झाला. उंच पाळण्यातला माणूस पंखांवर वाफाळता फवारा मारत होता. ते ग्लायकोल (पाणी गोठू न देणारं रसायन) आणि पाण्याचं गरम मिश्रण, साचलेला बर्फ उतरवायला. त्यावर दुसरा, दाट थर देतात, नवा बर्फ धरू नये म्हणून. हा थर किती वेळ पुरेल ते बर्फ किती जोरात पडतोय यावर आणि तापमानावर ठरतं. तेवढ्यात उडता आलं नाही तर पुन्हा फवारणी. आमची वेळ उलटली आणि आम्ही पुन्हा रांगेत.

या उशिराबद्दल मी कधी कुरकुरत नाही. 10 मार्च 1989 ला कॅनडातल्या ड्रायडनहून निघालेलं विमान पंखांवरचा बर्फ न काढता उडालं आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळलं. 24 माणसं गेली. पंखावर पातळ खरखरीत थर असला तरी हवेचा प्रवाह बिघडतो आणि विमान उचललं जात नाही. पलीकडचे गृहस्थ दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून उसासे टाकत होते, त्यांना हे सांगायला मी तोंड उघडलंच होतं. आईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले.

फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणं बंद असतात, आसपासच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कायद्याची मर्यादा असते. आम्ही दोन्हींच्या कचाट्यात सापडलो आणि विमान परत गेटवर आलं. कॅप्टनने हे सगळं दोन-तीन वाक्यांत सरळ सांगितलं. इतक्या तासांत कारण असं पहिल्यांदाच कानावर पडलं, आणि विमानात कोणी आवाज चढवला नाही.

युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमानुसार खराब हवामानामुळे विमान रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, पण जेवणाची आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय कंपनीने करायचीच असते. त्याप्रमाणे हॉटेलचं कूपन हातात पडलं. पण हॉटेल इमिग्रेशनच्या पलीकडे, आणि आमच्या पासपोर्टवर व्हिसा कॅनडाचा, शेंगेनचा (जर्मनीसह बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा) नाही! मग घडीच्या खाटा आणि ब्लँकेटं मागून घेतली. मागितली म्हणून मिळाली, आपणहून कोणी विचारलं नव्हतं.

"आई, इथे झोप लागेल का हो?"

"अगं, आडवं व्हायला मिळतंय ना? मग झालं. तू तेवढा दिवा बंद होतो का बघ."

विमानतळाचा दिवा! तो काही बंद झाला नाही, पण त्या घोरायला लागल्या.

त्यांच्या गोळ्या मी हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या, चांगल्या आठवडाभराच्या. मोठ्या बॅगा त्या रात्री कुठे होत्या, देव जाणे. सकाळी नवे बोर्डिंग पास मिळाले तेव्हा कळलं की व्हीलचेअरची नोंद नव्या तिकिटावर आलेलीच नाही. म्हातारं माणूस बरोबर असेल तर रांग सोडण्याआधी हे विचाराच. आम्हाला मग गेटपर्यंत अर्धा विमानतळ हळूहळू चालावा लागला.

पुढचं उड्डाण लांबलं ते समोरून येणाऱ्या वाऱ्याने. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणारा वारा, जोरात असतो आणि पश्चिमेकडे जाणारी विमानं त्याच्या विरुद्ध रेटत जातात. केबिनमधली हवा इतकी कोरडी की नाक आतून चरचरतं. आईंना घट्ट मोजे घातले होते, दर दीड-दोन तासांनी बाथरूमच्या निमित्ताने उठवत होते. त्या वैतागल्या, पण पाय सुजले नाहीत.

टोरांटोला बॅगा आल्याच नाहीत. सामानाच्या काउंटरवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, उद्याची आशा धरू नका, परवा संध्याकाळी घरी पोचतील. परवा संध्याकाळी पोचल्या.