तासाला पाच बादल्या

दुपारी जेवून जरा आडवा झालो आणि लाईट गेली. पंखा काही लगेच थांबत नाही. आधी पाती सुटी सुटी दिसायला लागतात, मग त्यांवरची धूळ, आणि मग बायको म्हणते, "दिवाळीत पुसायचा राहिलाच." मला मात्र थांबत चाललेल्या पंख्याकडे बघून बादल्या आठवतात.

बाबा चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवायचे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर ओरडायचे नाहीत. बटण बंद करायचे आणि नुसतं म्हणायचे, "तासाला पाच बादल्या."

हिशेब त्यांनी वाण्याच्या बिलामागे मांडला होता. कोयनेचं पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यात शिरतं आणि सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या भूमिगत वीजघरात कोसळतं. उंची साधारण पावणेपाचशे मीटर. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी पडलं की ढोबळमानाने एक युनिट वीज. म्हणजे गच्चीवरची अख्खी टाकी ओतली की एक युनिट! ७५ वॉटचा पंखा तासाला सत्तरेक लिटर पितो. भागिले पंधरा लिटरची बादली.

हा हिशेब लहानपणी एकदा डोक्यात बसला तो बसलाच. आता पुण्यात राहतो, तरी मोबाईल चार्जिंगला लावला की एक बादली जाते. गिझरचं तर विचारूच नका. अंघोळीची एक बादली कडकडीत करायला डोंगरावरून वीस-पंचवीस बादल्या खाली ओताव्या लागतात, हे कळल्यापासून मी कोमट पाण्यावर आलोय. बायको म्हणते, "अहो, आपल्याकडे कोळशाचीही वीज येते, तिकडे चंद्रपुराकडची." येत असेल. पण कोळशाच्या हिशेबात मजा नाही. कोळसा जळतो आणि संपतो. पाणी कसं, पडून पुढे चालायला लागतं. पोफळीला राबलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोरेला पुन्हा एकदा कामाला जुंपतात, आणि मग वाशिष्ठीत सोडतात. आमच्याकडे त्याला अवजल म्हणतात. या अवजलामुळे भर मे महिन्यातही चिपळूणच्या नदीला पाणी असायचं. आम्ही पोरं पायऱ्यांवर बसलेलो असताना पाणी चढायला लागलं की बाबा म्हणायचे, "मुंबईत कुणीतरी बटण दाबलं रे." आणि आम्हाला ते शब्दशः खरं वाटायचं.

कोयनेची वाट खरी ही नव्हेच. महाबळेश्वरी उगम पावून ती दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून पुढे थेट बंगालचा उपसागर. धरण बांधून तिचं कितीतरी पाणी माणसांनी उलट्या दिशेला, अरबी समुद्राकडे वळवलं. त्यात गंमत अशी की माझी आत्या कऱ्हाडला दिलेली. दर उन्हाळ्यात ती माहेरी आली की पहिल्या जेवणालाच सुरू व्हायची, "दादा, तुमच्या दिव्यांत आमचं पाणी जळतंय हो." बाबा म्हणायचे, "अगं, पाणी जळत नाही, पडतं." मग ती पश्चिमेला वर्षाला किती पाणी सोडायचं ते काढायची. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने घालून दिलेला साडेसदुसष्ट टीएमसीचा आकडा तिला तोंडपाठ होता. टीएमसी म्हणजे काय, हे विचारलं तर म्हणायची, "ते तुझ्या बापाला विचार." बाबा सांगायचे, "एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट."

आणि एवढं सगळं शेजारी असून आमच्या घरची लाईट जायचीच! वीजघर तासाभराच्या आत, आणि आम्ही कंदिलाच्या काचा राखेने पुसत बसलेलो. आत्या त्या वेळी पदर तोंडाला लावून हसायची.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. आईबाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले म्हणून वाचले. पाणी एवढं कसं चढलं, यावर गावात अजून वाद आहे. कुणी पावसाला दोष देतं, कुणी भरतीला, कुणी गाळाला, कुणी वरून सोडलेल्या पाण्याला. मी पोचलो तेव्हा दाराच्या वर चिखलाची रेघ होती आणि माजघरातल्या पंख्याच्या पात्यांवर गाळ. एका पात्याला शेजारच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी अडकलेली. बाबा स्टुलावर चढून ती सोडवत होते. मी म्हटलं, "उतरा, मी करतो." ऐकेनात. खालून मी बादल्या भरून देत होतो, ते ओल्या फडक्याने एकेक पातं पुसत होते. पाती पत्र्याची होती. पुसलं की जरा चमकायची, वाळली की पुन्हा मातकट.

रेंज आल्यावर कऱ्हाडहून आत्याचा फोन आला. बाबांनी हात सदऱ्याला पुसून घेतला. बराच वेळ दोघंही काही बोलेनात. मग तिनं विचारलं, "दादा, जेवलात का?"